नाक्यावरची नावं : भाग ११
इराणीवाडीतला सक्करचा मुलगा

पार्ल्याच्या छावणीचा वायदा केला होता, पण ती आज नाही. मध्येच कांदिवलीहून एक पत्र आलं आणि त्यानं अख्खा आठवडा खाल्ला. इराणीवाडीतले एक वाचक विचारतात : "आमच्या पत्त्यात हेमू कलानी रोड आहे. पार्सलवर सर्रास ‘हेमू कॉलनी’ लिहून येतं आणि रिक्षावाले ही कॉलनी कुठे म्हणून आम्हालाच विचारतात. हे कलानी कोण? बिल्डर का?"

बिल्डर नव्हेत हो. विशीसुद्धा न गाठलेला पोरगा होता तो.

हेमूचा जन्म २३ मार्च १९२३ चा, सिंधमधल्या सक्करचा. तारीख ध्यानात घ्या : तो आठ वर्षांचा झाला त्याच दिवशी लाहोरला भगतसिंग, राजगुरू आणि सुखदेव फासावर गेले. पुढे १९४२ चा ऑक्टोबर. ‘चले जाव’चं वारं सिंधमध्येही पोचलेलं. सैनिकांना घेऊन एक गाडी सक्करवरून जाणार अशी कुणकुण लागली, आणि हेमू दोन साथीदारांना घेऊन रुळांवर गेला. काम होतं फिशप्लेटी काढायचं.

हे काम म्हणजे काय, ते रेल्वेतल्या माणसाला विचारावं. रुळाची दोन टोकं जिथे भेटतात तिथे दोन्ही अंगांना एकेक जाड लोखंडी पट्टी बसवलेली असते आणि त्या पट्ट्यांतून रूळ भेदून बोल्ट आरपार गेलेले असतात. गाड्यांच्या दणक्यांनी आणि गंजानं नट असे धरतात, की गँगमनसुद्धा लांब दांड्याचा पाना लावून अंगाचा भार टाकतो तेव्हा कुठे तो हलतो. या तिघांपाशी धड हत्यारंही नव्हती. पहाऱ्यावरच्यांनी त्यांना पाहिलं. साथीदार निसटले, हेमू सापडला. मारहाण झाली, तरी दुसरं नाव त्याच्या तोंडून निघालं नाही.

आता इथे कुणीही विचारील, की गाडी पडली नाही, माणूस मेला नाही, मग फाशी कशी? पुष्कळ चरित्रांत हा प्रश्न उरकून टाकलेला असतो, आणि मला नेमका तोच सोडवत नाही. उत्तर सक्करच्या रुळांवर नाही, सिंधच्या वाळवंटात आहे. पीर पगारोंचे अनुयायी असलेल्या हुरांनी तिथे सरकारविरुद्ध बंड पुकारलं होतं. मे १९४२ मध्ये त्यांनी लाहोर मेल पाडली आणि जूनमध्ये सरकारनं लष्करी कायदा लावला. हेमू पकडला गेला तो या कायद्याच्या अमलात. रुळाला हात लावणारा कुणीही आता लष्करी न्यायालयापुढे उभा राहणार होता. दयेचे अर्ज झाले. साथीदारांची नावं सांग, ही अट पुढे आली आणि हेमूनं ती झिडकारली. २१ जानेवारी १९४३ ला त्याला सक्करला फाशी दिलं. दोन महिन्यांनी, २० मार्चला, पीर पगारोही फासावर गेले.

त्याच जानेवारीत आपल्याकडे काय चाललं होतं? हेमूच्या आधी एकोणीसच दिवस, २ जानेवारीला, सिद्धगडच्या जंगलात पोलिसांच्या गोळ्यांनी भाई कोतवाल आणि हिराजी पाटील पडले. माथेरानचे वकील असलेल्या कोतवालांच्या आझाद दस्त्यानं मुंबईकडे येणाऱ्या विजेच्या तारांचे मनोरे पाडले होते. दादरला प्लाझासमोरच्या बागेला कोतवालांचं नाव आहे. पण त्यांची आठवण बागेवर अवलंबून नाही. ते पडले ती जागा आहे, तिथे स्मारक आहे, आणि दर २ जानेवारीला भल्या पहाटे लोक तिथे जमतात.

स्मारकांच्या या दोन जाती आहेत : घटना घडली त्या जागेचं स्मारक, आणि नुसतं नाव दिलेलं. हॉलंडमध्ये दोन्ही हातात हात घालून चालतात. हानी शाफ्ट ही हार्लेमची मुलगी, कायद्याचं शिक्षण सोडून नाझींविरुद्धच्या भूमिगत लढ्यात उतरलेली. १७ एप्रिल १९४५ ला, मुक्ती तीन आठवड्यांवर आली असताना, जर्मनांनी तिला समुद्राकाठच्या वाळूच्या टेकड्यांत गोळ्या घातल्या. त्याच टेकड्यांतल्या दफनभूमीत ती आहे. हार्लेमच्या बागेत १९८२ पासून तिच्या स्मरणार्थ शिल्प आहे आणि ते घडवलं ट्रूस मेन्गर यांनी, म्हणजे तिच्या खांद्याला खांदा लावून लढलेल्या मैत्रिणीनं. शिवाय देशभर गावोगाव तिच्या नावाचे रस्ते. तिथल्या रस्त्यांच्या पाट्यांवर पुष्कळदा नावाखाली बारीक अक्षरांत एक ओळ असते : कोण, आणि जन्म-मृत्यूची सालं. दूध आणायला निघालेला माणूस चालता चालता ती वाचतो.

हेमूच्या वाट्याला पहिल्या जातीचं स्मारक आपण देऊच शकत नाही. त्याची जागा १९४७ ला सरहद्दीपलीकडे राहिली. सिंधी निर्वासित मुलुंड, चेंबूर, उल्हासनगरच्या छावण्यांत आले ते घरं, शेतं, दुकानं तिकडेच सोडून. नाव तेवढं सोबत आणता आलं. १९८३ मध्ये त्याचं टपाल तिकीट निघालं, २००३ मध्ये संसदेच्या आवारात पुतळा बसला. पण तिकिटं अल्बमात जातात आणि संसदेच्या आवारात कांदिवलीचा माणूस कशाला फिरकतोय? रोज डोळ्यांपुढे असते ती गल्लीच्या तोंडाची पाटी.

आणि आपल्याकडे नामकरणाची कोनशिला कशी असते ते तुम्ही जाणताच. उद्घाटन कुणाच्या शुभहस्ते, प्रमुख पाहुणे कोण, कुणाच्या प्रयत्नांनी, सगळं सविस्तर. ज्याचं नाव दिलं त्याच्याबद्दल अवाक्षर नाही. मग हेमूची कॉलनी होणार नाही तर काय! तेव्हा इराणीवाडीकरांनी सोसायटीच्या फाटकावर आपल्याच खर्चानं एवढं रंगवून घ्यावं : "हेमू कलानी, १९२३–१९४३. सक्करचा स्वातंत्र्यसैनिक. लष्करी गाडी रोखायला गेला, साथीदारांची नावं सांगितली नाहीत, एकोणिसाव्या वर्षी फाशी." यासाठी ठराव नको, उद्घाटन तर नकोच.

मुलुंड कॉलनीतल्या जुन्या सिंधी मंडळींनी घरात ऐकलेलं काही असेल तर जरूर कळवावं. या मालिकेला आणखी एक फाटा फुटला तर माझी तक्रार नाही. जमनालाल बजाजांची १९३० ची पार्ल्याची छावणी मात्र पुढच्या आठवड्यात नक्की. मिठाची गोष्ट आहे, आठवडाभरात नासायची नाही.