कोंबडीच्या पिलाच्या आतड्यातील पोषकद्रव्यांचे शोषण

सातारा जिल्ह्यातील माण तालुका पर्जन्यछायेत मोडतो. बाजरी-ज्वारीचे पीक बेभरवशाचे असलेल्या अशा मुलखात परसातील कोंबड्यांपुढे टाकलेल्या मूठभर दाण्यालाही मोल असते. लोकभाषेत ज्यास ‘अंगी लागणे’ म्हणतात, तेच शरीरशास्त्रातील शोषण होय. आणि त्याचा पाया पिलाच्या पहिल्या आठवड्यात घातला जातो.

अंड्यातून बाहेर पडताना पिलाच्या उदरात बलकाचा शेष असतो व त्यावर त्याचा प्रारंभीचा निर्वाह होतो. याच काळात लहान आतडे इतर शरीराच्या मानाने अधिक वेगाने वाढते. त्याच्या अस्तरावर बोटांसारखे सूक्ष्म रसांकुर असतात. ते लांबले म्हणजे शोषणाचा पृष्ठभाग विस्तारतो. पेषणीत भरडलेल्या दाण्यातील पिष्टाची शर्करा व प्रथिनांची ॲमिनो आम्ले होऊन ती रसांकुरांतून रक्तात जातात. सस्तन प्राण्यांत बहुतेक स्निग्ध पदार्थ प्रथम लसीकावाहिन्यांत जातात. कोंबडीत मात्र ते सरळ यकृताकडे जाणाऱ्या रक्तात मिसळतात.

रसांकुरांच्या वाढीस मोठी चालना मिळते ती आतड्यात आलेल्या अन्नाने. म्हणून बलक शिल्लक आहे एवढ्यावरून पिलास दोन-दोन दिवस उपाशी ठेवणे युक्त नव्हे. खुडूक कोंबडीने उबवलेले पिलू आईमागे हिंडत लवकरच दाणे टिपू लागते. उबवणी केंद्रातून दूरच्या गावी नेलेल्या पिलास ती संधी उशिरा मिळते. त्यास पोहोचताच पाणी व बारीक भरडा मिळाला पाहिजे. त्या दिवसांत खुंटलेली वाढ पुढे कितीही दाणा घातला तरी पूर्णपणे भरून निघतेच असे नाही.