डोळे मिटून बघ ना!

शाळेत एलिमेंटरी-इंटरमिजिएट दिलेल्या प्रत्येकाला वाटतं, आपल्याला खडूकाम येतं. मलाही वाटायचं. मग सॉफ्ट पेस्टलचा बॉक्स उघडला आणि दहा मिनिटांत हात, कुर्ता, लॅपटॉपचा कीबोर्ड, सगळं निळं! शाळेतले ते तेलकट खडू वेगळे, बॉस. सॉफ्ट पेस्टल म्हणजे जवळपास नुसती रंगाची भुकटी, कांडी टिकण्यापुरता डिंक. कागदाच्या खरखरीतपणावरच तो रंग कसाबसा तग धरतो.

कॉपी करायला निवडलं ओदिलाँ रदाँचं ‘मिटलेले डोळे’. १८९०चं हे तैलचित्र पॅरिसच्या ओर्से म्युझियममध्ये आहे. जेमतेम ४४ बाय ३६ सेंटिमीटर. पाण्यातून वर आलेला एक चेहरा, डोळे मिटलेले. बस्स! रदाँ सिम्बॉलिस्ट. म्हणजे काय? तर समोर दिसतं ते नाही, मनात उमटतं ते रंगवणारा. गंमत म्हणजे पन्नाशीपर्यंत हा माणूस मुख्यतः काळ्या रंगातच रमला होता. कोळसा आणि लिथोग्राफ. या चित्राच्या सुमारास तो रंगांकडे वळला आणि पुढे पेस्टलमध्ये त्याने कमाल केली. त्याचा पेस्टलमधला बुद्ध नेटवर जरूर बघा.

पण हेच चित्र का? कारण माझी धाकटी बहीण. ती लातूरला नीट रिपीट करतेय. रात्री दोनला मेसेज येतो, ‘ताई, झोपच येत नाही.’ सल्ले देऊन झाले होते. म्हटलं, तिच्या टेबलासमोर लावायला एक शांत चेहरा देऊ.

नांदेडच्या घरी, डेडलाइन्स सांभाळत, तीन आठवडे खपले. आधी सरळ ‘स्किन कलर’ फासला, तर चेहरा मैद्याच्या गोळ्यासारखा! मग कळलं, राखाडी, जांभळट, पिवळसर असे थर एकावर एक हलके चढवायचे. बोटाने जास्त घोळलं की चिखल. सगळ्यात छळलं पापणीने. रेघ ओढली की बाई रागावलेली दिसायची. एका दुपारी आई जरा लवंडली होती. तिच्याकडे बघत बसले. मिटलेल्या डोळ्याला रेघ नसतेच, नुसती सावली असते. रेघ पुसली आणि जमलं.

शनिवारी लोहा-अहमदपूरमार्गे बसने लातूर. चित्र बटर पेपरमध्ये गुंडाळलेलं, पण टेपने घट्ट बसवलं नव्हतं. चूक माझीच. रूमवर उघडलं तर अर्धं कपाळ बटर पेपरवर!

‘ताई, हे तर पुसून गेलंय की गं!’ म्हणत ती हसली. किती महिन्यांनी. मग पुस्तकं बाजूला सारून दोघी जमिनीवर बसलो. कपाळ तिने भरलं, पाणी मी. दोन तासांनी बघते तर पोरगी तिथेच, निळ्या हातांनी, गाढ झोपलेली.

झोपेत ती हुबेहूब आईसारखी दिसते. पापणीला पुन्हा हात लावायची गरजच नव्हती.

ट्राय करणार?
• कागद खरखरीत आणि शक्यतो रंगीत घ्या.
• भुकटी फुंकू नका. कागद उभा धरून मागून टिचकी मारा. मास्क लावा.
• फिक्सेटिव्हने रंग गडद होतात, बेताने मारा.
• फ्रेम करताना काच चित्राला टेकू देऊ नका, मध्ये माउंट हवाच.