पेटत नाही, पण वाजतो

आजोबांच्या कपाटात एस. टी. द्यूपाँचा लायटर सापडला, तर तो ओळखायला नाव वाचण्याचीही गरज पडत नाही. अंग पितळेचं, त्यामुळे तळहातावर घेताच वजन जाणवतं. काही मॉडेलांचं झाकण अंगठ्याने उघडलं की बारीक घंटेसारखा नाद येतो. पेटत मात्र नाही. आणि घरात आता कोणी सिगारेट ओढत नसलं, की प्रश्न उरतोच: याच्यावर पैसे घालायचे का?

सिमों तिसो-द्यूपाँ यांनी १८७२ साली पॅरिसमध्ये सुरू केलेली ही कंपनी मुळात चामड्याची. श्रीमंतांच्या प्रवासपेट्या हा तिचा धंदा. कारखाना पुढे आल्प्समधल्या फावेर्ज गावी गेला. लायटर आला १९४१मध्ये, आणि कंपनी सांगते ती हकिगत आपल्याकडची आहे. पतियाळाच्या महाराजांनी शंभर सोनेरी हातपेट्यांची ऑर्डर दिली, प्रत्येकीत एक लायटर हवा असं सांगून. युरोप युद्धात होरपळत असताना ही फर्माईश! हा पहिला लायटर पेट्रोलचा होता. ज्योत कमीजास्त करता येणारा गॅसचा लायटर १९५२मध्ये आला, आणि घराघरांतून बंद पडून राहिलेले बहुतेक याच जातीचे.

बंद पडतात ते गंमत म्हणजे सर्वात स्वस्त भागामुळे. ब्युटेन उणे अर्ध्या अंशालाच उकळू लागतो, म्हणून खोलीच्या तापमानात त्याला द्रवरूप ठेवायला वातावरणाच्या साधारण दुप्पट दाब लागतो. हा दाब अडवून धरायचं काम झडपांमधल्या इवल्याशा रबरी कड्यांचं. वर्षानुवर्षं पडून हे रबर कडक होतं, चिरतं, आणि आज भरलेला गॅस दोन दिवसांत गुपचूप निघून जातो. कडी बदलली की बहुतेक वेळा काम होतं. पण ते मोहल्ल्यातल्या घड्याळवाल्याचं काम नाही. झडप उघडायला खास हत्यार लागतं, आणि गॅसही वाटेल तो चालत नाही. मॉडेलप्रमाणे नळीचं तोंड वेगळं, म्हणून कंपनी बाटल्यांना रंग देते. चुकीच्या तोंडाने दाबून गॅस भरणं हाच अनेक लायटरांचा शेवट असतो.

ठिणगीचा इतिहास तर लायटरहून रंजक. ऑस्ट्रियाचे कार्ल आउअर फॉन वेल्सबाख यांनी गॅसबत्तीचं मेंटल शोधलं. पेट्रोमॅक्समध्ये आपण बांधायचो त्याचाच हा पूर्वज. मेंटलला लागणारं थोरियम मोनाझाइट वाळूतून काढल्यावर सिरियम-लँथनमचा ढीग उरायचा. त्या टाकाऊ मालात लोखंड मिसळून त्यांनी १९०३मध्ये ठिणग्या टाकणारा मिश्रधातू बनवला. आज लायटरमध्ये जो ‘खडा’ घालतात तो हाच. ही वाळू त्रावणकोरच्या किनाऱ्यावरही मुबलक होती आणि तिथून ती युरोपात जाऊ लागली.

मग दुरुस्ती करावी का? माझं मत असं: झडप करावी, अंगाला हात लावू नये. अधिकृत दुरुस्तीला येणाऱ्या खर्चात कधी कधी तसाच वापरलेला दुसरा लायटर मिळतो, तेव्हा हिशेब पैशांचा नाहीच. देवघरातली समई पेटवायला तो वापरणार असाल, तर कडी बदलून घ्या. पण दुकानदार ‘नवा करून देतो’ म्हणाला की लायटर परत मागा. पॉलिश केलं की सोन्याचा पातळ मुलामा जातो. काळी-तपकिरी झिलई असेल तर आणखी जपावं. ही चिनी लॅकर म्हणजे झाडाचा चीक, आणि झाड बिब्ब्याच्या, काजूच्याच कुळातलं. अंगाला लागला तर बिब्ब्यासारखाच उततो. तो दमट हवेत थरांवर थर देऊन वाळवतात. एका कोपऱ्यातला टवका भरायचा तर त्या थरांशी मेळ बसवणं कारागिराचीही परीक्षा असते. आजोबांच्या बोटांनी झिजलेली कड मुद्दाम घालवण्यात मला तरी अर्थ दिसत नाही.

न दुरुस्त करता ठेवायचा ठरला तरी एक काम राहतंच. उरलेला गॅस मोकळ्या हवेत, ज्योतीपासून लांब सोडून द्या, आणि आतला खडा काढून टाका. मुंबई-कोकणच्या दमट हवेत तो खडा फुगून भुगा होतो, नळीत घट्ट बसतो आणि मग त्याला कोरून काढताना चांगलं चाकही खराब होतं.