घराची दिंडी आणि मोबाइलची दिंडी

कसबा पेठेंत जे थोडे जुने वाडे अजून उभे आहेत, त्यांपैकीं एखादा विद्यार्थिमित्रांनीं लक्षपूर्वक पाहून यावा. मोठा दरवाजा नित्य उघडला जात नसे. त्याच्या एका फळींत लहानशी दिंडी असे, आणि येणाऱ्यास तींतून वांकूनच आंत यावें लागे. मग देवडी, मग चौक, मग ओसरी. ओळखीचा मनुष्य ओसरीवर बसे. सोयरा माजघरापर्यंत जाई. देवघर व स्वयंपाकघर हीं घरच्यांचीं. कोणीं कोठपर्यंत यावें हें कोठें लिहिलेलें नव्हतें, तरी तें सर्वांस ठाऊक होतें. घरांत चोरीचा माल दडविलेला होता म्हणून कांहीं दिंडी लहान केलेली नव्हती. "ज्यास लपविण्यासारखें कांहीं नाहीं त्यानें भ्यावें कशाला?" असा प्रश्न पुष्कळ सुज्ञ पालकहि विचारतात, म्हणून हें आरंभींच सांगितलें.

मोबाइल म्हणजे घराला पडलेला आणखी एक दरवाजाच होय. फरक इतकाच, कीं वाड्याच्या दिंडीची कडी आंतून लागत असे व ती लावणारा घरचाच असे. मोबाइलच्या दिंडीची कडी कोणाच्या हातीं आहे हें आपण सहसा विचारीत नाहीं.

टपालाचें उदाहरण घेऊं. पोस्टकार्ड स्वस्त, पण त्यावरचा मजकूर पोस्टमन वाचूं शके आणि शेजारीहि. खाजगी मजकुरासाठीं लोक पाकीट डकवून पाठवीत. इंटरनेटवर आपण जें धाडतों तें वाटेंत अनेक यंत्रांच्या हातांतून जातें. उघडें गेलें तर पोस्टकार्ड, गुप्त लिपींत बांधून गेलें तर बंद पाकीट. ब्राउझरमध्यें पत्त्याच्या आरंभीं जें 'एचटीटीपीएस' दिसतें, त्यांतील शेवटच्या 'एस'वरून पाकीट बंद असल्याचें कळतें. मात्र तें वाटेंत बंद असतें, पोहोंचल्यावर नव्हे. ज्या कंपनीस तें पोहोंचतें ती तें उघडून वाचूं शकते. व्हॉट्सॲपनें २०१६ सालीं याच्या एक पायरी पुढें जाऊन सर्व संदेश अशा रीतीनें बांधले, कीं धाडणारा व घेणारा यांखेरीज मधल्या कोणासहि, खुद्द त्या कंपनीसहि, ते वाचतां येऊं नयेत. ही मोठीच गोष्ट झाली. परंतु आंतील कागद झांकला तरी वरचा पत्ता उघडाच राहतो: कोणीं, कोणास, किती वाजतां, दिवसांतून किती वेळां लिहिलें. जो मनुष्य रोज रात्रीं डॉक्टरांच्या दाराशीं जातो, त्याचें बोलणें ऐकूं आलें नाहीं तरी शेजारी काय तें समजतात.

या गोष्टीचें मोल आमच्या पेठेला २०२० सालीं कळलें. त्या वर्षीं ९ मार्चला महाराष्ट्रांतील पहिले करोनाचे रोगी पुण्यांतच सांपडले, आणि एप्रिलमध्यें शहराच्या मध्यभागींच्या पेठा बंद करण्यांत आल्या. आमच्या आळींतील एका घरच्या कर्त्या माणसांस रुग्णालयांत नेलें. दुसऱ्याच दिवशीं त्या घराचें नांव, पत्ता, माणसांचीं वयें व मोबाइलचे क्रमांक असलेली एक यादी सर्वांच्या मोबाइलवर फिरूं लागली. ती प्रथम कोणीं धाडली तें कधींच कळलें नाहीं. मलाहि ती आली. आणि सांगण्यास लाज वाटते, मींहि ती एका नातलगास "सावध असा" म्हणून पुढें धाडली. दूधवाला त्या दाराशीं थांबेनासा झाला. अनोळखी माणसें फोन करून शिव्या देऊं लागलीं. घरांत आजी आणि बारा वर्षांची नात एवढ्याच मागें राहिल्या होत्या. नातीनें शेवटीं मोबाइल बंद करून ठेविला. त्यामुळें रुग्णालयांतून आलेला निरोप शेजाऱ्यांनीं दुसऱ्या दिवशीं सकाळीं गच्चीवरून हांक मारून सांगितला. निरोप बरा होता, एवढेंच नशीब.

पुण्यास हें दुःख अगदींच नवें नव्हतें. १८९७ सालीं प्लेगची सांथ आली तेव्हां रोगी शोधण्यासाठीं गोऱ्या शिपायांनीं घरें तपासलीं. रोग्यास वेगळें काढावें हा हेतु वैद्यकदृष्ट्या चुकीचा नव्हता. परंतु शिपाई थेट माजघरांत आणि देवघरांत शिरले, आणि त्या संतापांतून २२ जूनच्या रात्रीं गणेशखिंडीच्या रस्त्यावर प्लेग कमिटीचे अध्यक्ष रँड यांच्यावर चापेकर बंधूंनीं गोळी झाडली. त्याच वर्षीं झालेला सांथीच्या रोगांचा कायदा मार्च २०२० मध्यें पुन्हां लागू करण्यांत आला. शिपायाच्या ऐवजीं या वेळीं ॲप आलें.

'आरोग्य सेतू' हें तें ॲप. केंद्र सरकारच्या नॅशनल इन्फर्मेटिक्स सेंटरनें तें २ एप्रिल २०२० ला बाहेर काढलें. जवळ आलेल्या दोन मोबाइलांनीं ब्लूटूथच्या साहाय्यानें एकमेकांची नोंद घ्यावी, व पुढें त्यांपैकीं एकाचा धनी आजारी ठरल्यास दुसऱ्यास सूचना मिळावी, ही कल्पना उत्तम होती. पण नोंदणीच्या वेळीं नांव, वय, धंदा, क्रमांक द्यावा लागे. मोबाइल कोठें आहे हेंहि ॲप टिपून ठेवी. आणि मनुष्य रोगी ठरला कीं सांठलेली माहिती सरकारी यंत्राकडे जाई. १ मे रोजीं गृहखात्यानें तें नोकरदारांस सक्तीचें केलें; १७ मेच्या हुकुमांत ही सक्ति सैल झाली. लोक विचारूं लागले, हें आंत नेमकें करतें काय? या प्रश्नास शपथेवर उत्तर देऊन भागत नाहीं, दाखवूनच द्यावें लागतें. २६ मेला सरकारनें अँड्रॉइड मोबाइलांसाठीं असलेल्या ॲपची मूळ आज्ञावली सर्वांस वाचण्यास खुली केली.

अशा खुल्या आज्ञावलीस 'मुक्तस्रोत' म्हणतात. त्याचा अर्थ कळण्यास कसब्यांतील तांबट आळींत जावें. ठोके दुरूनच कानीं पडतात. हंडा घडतांना दिसतो. पत्रा केवढा जाड, जोड कोठें आला, हें घेणारा पाहूं शकतो. आपणांस हंडा घडवितां येत नसला तरी चालतें. जाणत्यानें पाहिला असतां दोष लपत नाहीं, एवढें पुरे. प्रत्येक ॲप प्रथम माणसास वाचतां येईल अशा भाषेंत लिहिलें जातें व मग यंत्रास समजेल अशा रूपांत उतरविलें जातें. पुष्कळ कंपन्या दुसरें रूप तेवढें देतात आणि पहिलें कुलपांत ठेवितात. मुक्तस्रोतांत पहिलें रूपहि मिळतें, आणि तें वाचण्याची, बदलण्याची व दुसऱ्यास देण्याची मोकळीकहि. हेलसिंकीच्या लिनस टोरव्हाल्ड्स या विद्यार्थ्यानें १९९१ सालीं लिनक्सचा आरंभ केला. आज प्रत्येक अँड्रॉइड मोबाइलच्या पोटांत तें आहे. मराठी अक्षरांचा 'लोहित' हा टंकहि असाच मुक्त असून पुण्यांतील रेड हॅट कंपनीच्या माणसांनीं त्याची निगा राखली.

मात्र उघडें आहे म्हणून निर्दोष, असें नव्हे. 'ओपनएसएसएल' या मुक्तस्रोत आज्ञावलींतील 'हार्टब्लीड' नांवाचा दोष सुमारें दोन वर्षें कोणाच्या ध्यानांत आला नव्हता. तो २०१४ सालीं उघडकीस आला. भांडें उघड्यावर घडलें तरी कोणीतरी तें उचलून पाहावें लागतें.

शिवाय आज्ञावली उघडी झाली, तरी माहिती सांठते कोठें हा प्रश्न उरतोच. पुण्याचें पाणी पाहा. नानासाहेब पेशव्यांच्या काळीं कात्रजहून नळ आणून शहरांतील हौद भरले गेले, तरी वाड्यावाड्यांतून आड होतेच. पुढें घरोघर तोटी आली आणि आड बुजले. सोय झाली, ती नाकारण्यांत अर्थ नाहीं. पण १२ जुलै १९६१ ला पानशेत व खडकवासला हीं दोन्हीं धरणें फुटलीं, नदीकांठचा कसबा पाण्याखालीं गेला, आणि पूर ओसरल्यावर नळ कोरडे पडले. तेव्हां पूर न शिवलेल्या भागांतील जुन्या आडांची व हौदांची लोकांस आठवण झाली. कोट्यवधि लोकांचीं पत्रें, छायाचित्रें व ओळखी एकाच कंपनीच्या हौदांत सांठविल्या, कीं हौद फुटल्यास सर्वांचेंच वाहून जातें, आणि तो फुटेपर्यंत तोटी दुसऱ्याच्या हातीं असते.

जर्मनीचें करोनाचें ॲप आडाच्या रीतीचें होतें. त्या देशानेंहि प्रथम सर्व नोंदी एके जागीं ठेवण्याचा बेत केला होता, पण टीका झाल्यावर एप्रिल २०२० मध्यें तो सोडला. १६ जूनला निघालेल्या ॲपमध्यें प्रत्येक मोबाइल थोड्या थोड्या वेळानें बदलणारा एक निरर्थक आंकडा आसपास प्रसृत करी, आणि दुसऱ्यांचे आलेले आंकडे स्वतःपाशींच टिपून ठेवी. कोणी आजारी पडला व त्यानें अनुमति दिली, तर त्याच्या मोबाइलचे आंकडे ओळखण्याची खूण जाहीर होई. मग प्रत्येक मोबाइल आपली टिपणवही तिच्याशीं ताडून पाही. कोण कोणास भेटला हें कोणत्याहि कचेरीस कळत नसे. याची किंमतहि होती: कोणत्या पेठेंत रोग वाढतो आहे हें अशा ॲपवरून आरोग्याधिकाऱ्यास समजत नाहीं. मला ती किंमत देण्याजोगी वाटते. त्या दिवसांत ज्यांनीं घरोघर फिरून काम केलें त्यांस कदाचित् वाटणार नाहीं. आरोग्य सेतूंतील संपर्क शोधण्याची सोय बंद करून तिची माहिती पुसली, असें सरकारनें २०२३ सालीं संसदेंत सांगितलें.

आडाच्या रीतीचें सर्वांत परिचित उदाहरण म्हणजे ई-मेल. तुमची पेटी एका कंपनीची, माझी दुसरीची, तरी पत्र जातें. 'मॅस्टोडॉन' हें २०१६ सालीं निघालेलें जाळें याच तत्त्वावर चालतें. अनेक लहान लहान चालक आपापलें यंत्र राखतात व तीं यंत्रें एकमेकांशीं बोलतात. नोव्हेंबर २०१९ मध्यें ट्विटरवर रागावलेले पुष्कळ भारतीय तिकडे गेले, आणि त्यांतले पुष्कळ परतलेहि. कारण ओळखीचीं माणसें जेथें बसतात तेथेंच मनुष्य बसतो. 'सिग्नल' मुक्तस्रोत आहे, पण त्याचा हौद एकच. मात्र त्यांत सांठवण फार थोडी. अमेरिकेंत न्यायालयीन हुकुमानें माहिती मागितली गेली तेव्हां, खातें केव्हां उघडलें व शेवटचें केव्हां वापरलें, एवढेंच त्यांस देतां आलें. हें २०१६ सालीं प्रसिद्ध झालें.

कायद्यानेंहि आतां दिंडी मान्य केली आहे. निवृत्त न्यायमूर्ति पुट्टस्वामी यांच्या अर्जावर सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनीं २४ ऑगस्ट २०१७ ला एकमतानें ठरविलें, कीं खाजगीपणा हा नागरिकाचा मूलभूत हक्क आहे. २०२३ च्या कायद्यांत अठरा वर्षांखालील मुलांची माहिती वापरण्यापूर्वीं आईबापांची पडताळलेली संमति घेण्याची तरतूद आहे. म्हणून पालकांस विनंती, कीं मुलांचें वय खोटें लिहून खातें उघडूं देऊं नये; वय वाढविलें कीं ती तरतूद त्या मुलापुरती निरुपयोगी होते.

आमच्या आळींतील ती यादी माझ्या मोबाइलमध्यें अजून पडून होती, असें हा लेख लिहावयास घेतला तेव्हां आढळलें. ती मीं पुसली, आणि ज्या नातलगास धाडली होती त्यासहि पुसावयास सांगितलें. त्यानें ती पुढें किती जणांस धाडली होती, हें त्यास आठवेना.