दस्त नोंदणीची नवी पद्धत

कर्नाटकातील उपनिबंधक कार्यालयांत सुमारे वीस वर्षे वापरात असलेली ‘कावेरी’ ही संगणक प्रणाली २०२३ मध्ये बदलण्यात आली व तिच्या जागी ‘कावेरी २.०’ आली. प्रारंभी ज्या मोजक्या कार्यालयांत हा प्रयोग झाला, त्यांत कलबुर्गी जिल्ह्यातील चिंचोळी हे एक होते. पुढे ती टप्प्याटप्प्याने राज्यभर लागू झाली. औराद, भालकी, बसवकल्याण, आळंद या सीमेलगतच्या तालुक्यांतील मराठी भाषिक शेतकऱ्यांनी ती समजून घेणे अगत्याचे आहे; कारण तीत कामाचा क्रमच बदलला आहे.

पूर्वी दस्तलेखकाकडून खरेदीखत लिहून घेऊन पक्षकार कार्यालयात जात. संगणकात तपशील भरण्याचे काम तेथेच होई. त्यात दिवस मोडे खरा, परंतु चूक दिसल्यास जागच्या जागी सांगता येई. आता हा तपशील आधीच, घरून अथवा दस्तलेखकामार्फत, भरावा लागतो. उपनिबंधक मसुदा तपासतात व त्रुटी असल्यास परत पाठवितात. तो मान्य झाल्यावर मुद्रांक शुल्क व नोंदणी फी ऑनलाइन भरून वेळ ठरवून घ्यावयाची असते. कार्यालयात उरते ते छायाचित्र, अंगठ्याचा ठसा आणि दस्त करून दिल्याची कबुली. नोंदणी अधिनियम, १९०८ अन्वये ही कबुली आवश्यक असल्याने ती टाळता येत नाही.

खरी अडचण नावांची आहे. नवी प्रणाली ‘भूमी’ या जमीन अभिलेखांच्या प्रणालीशी जोडलेली असल्याने पहाणीवरील मालकाचे नाव थेट पुढे येते. वडील निवर्तले आणि वारसनोंद राहून गेली, तर जमीन कसणाऱ्या मुलाच्या नावे दस्त पुढे सरकत नाही. मुलीच्या लग्नासाठी सौदा ठरविलेल्या कुटुंबास हे ऐनवेळी कळणे फार जाचक होते. म्हणून इसार घेण्यापूर्वीच पहाणी काढून पाहावी.

लिपीभेदाचाही घोटाळा होतो. पहाणी कन्नडमध्ये असते, आधारपत्र कन्नड व इंग्रजीत, तर जुना शाळेचा दाखला पुष्कळदा मराठीत. ‘ज्ञानोबा’ हे नाव इंग्रजीत लिहिताना मराठी माणूस ‘डी’ने सुरुवात करतो, कन्नड लिपिक ‘जे’ने किंवा ‘जी’ने. माणूस एकच, कागदावर मात्र दोन! कन्नड वाचता न येणाऱ्याने मसुदा पाठविण्यापूर्वी गावातील शिक्षकाकडून वाचून घ्यावा. लिहून देणार, लिहून घेणार, एकर-गुंठे व चतुःसीमा एवढे तरी शब्दशः ताडून पाहावे.

दस्तलेखकाची गरज संपली असे म्हटले जाते, ते तितकेसे खरे नाही. कायद्याची भाषा अजून त्यालाच ठाऊक असते. मात्र अर्जात भ्रमणध्वनी क्रमांक पक्षकाराने स्वतःचा द्यावा, म्हणजे मसुदा परत आल्याचे त्यालाच कळेल.

२०२५ च्या आरंभी या प्रणालीवर बाहेरून हल्ला होऊन राज्यभर नोंदणीचे काम विस्कळीत झाले होते. दस्तावर सही झाल्यापासून चार महिन्यांच्या आत तो नोंदणीसाठी दाखल करावयाचा असतो. तेव्हा सही झालेला दस्त शेवटच्या आठवड्यापर्यंत घरात ठेवू नये.