दहावीच्या बीजगणिताची उजळणी

दहावीच्या बीजगणिताची उजळणी म्हणजे महाराष्ट्रातील माध्यमिक शालान्त प्रमाणपत्र परीक्षेपूर्वी, आधी शिकून झालेल्या बीजगणिती कौशल्यांचा हेतुपूर्वक केलेला पुनःसराव होय. नवा भाग शिकणे हा तिचा मुख्य उद्देश नसतो. शिकलेले ज्ञान ठरावीक वेळेत, पुस्तकाच्या आधाराविना आणि अचूकपणे वापरता येणे, हा तो उद्देश असतो. बीजगणितात गमावलेल्या गुणांचे कारण नेहमीच विषयाचे अज्ञान असते असे नाही. चिन्ह, कंस किंवा सूत्रातील एखादे पद यांतील लहानशी चूकही संपूर्ण उत्तर बदलून टाकते. त्यामुळे अशा चुका ओळखणे व उत्तराचा पडताळा घेणे ही या उजळणीची दोन प्रमुख अंगे ठरतात.

शालेय पाठ्यपुस्तकांत अज्ञात संख्यांसाठी रोमन अक्षरे छापली जातात. या लेखात त्यांऐवजी क्ष व य ही मराठीतील रूढ अक्षरे वापरली आहेत.

परीक्षेचे स्वरूप

ही परीक्षा महाराष्ट्र राज्य माध्यमिक व उच्च माध्यमिक शिक्षण मंडळ घेते. २०१८ साली दहावीसाठी आलेल्या पाठ्यपुस्तकांनुसार गणिताचे दोन भाग आहेत. भाग १ मध्ये बीजगणित व भाग २ मध्ये भूमिती येते. प्रत्येक भागाची लेखी परीक्षा ४० गुणांची व दोन तासांची असून अंतर्गत मूल्यमापनाला २० गुण असतात. अशा प्रकारे विषयाचे एकूण १०० गुण होतात.

भाग १ मध्ये दोन चलांतील रेषीय समीकरणे, वर्गसमीकरणे, अंकगणिती श्रेढी, अर्थनियोजन, संभाव्यता आणि सांख्यिकी ही सहा प्रकरणे आहेत. प्रश्नपत्रिकेत बहुपर्यायी प्रश्न, रिकाम्या चौकटी भरून पूर्ण करावयाच्या कृती आणि संपूर्ण रीत मांडून सोडवायची उदाहरणे असतात. परीक्षेत गणकयंत्र वापरता येत नाही. १२० मिनिटांत ४० गुणांची उत्तरे लिहायची असल्याने एका गुणासाठी सरासरी तीन मिनिटे मिळतात. वाचन, आकडेमोड, मांडणी आणि पडताळा हे सर्व याच वेळात बसवावे लागते.

पायाभूत कौशल्ये

दहावीच्या प्रकरणांची उजळणी करताना अनेकदा अडचण मागील इयत्तांच्या भागात आढळते. ऋण संख्यांवरील क्रिया, कंस सोडवणे, विस्तारसूत्रे, अवयव पाडणे, घातांकांचे नियम आणि अपूर्णांक हा आधीच्या इयत्तांतील भाग वर्गसमीकरण सोडवताना गृहीत धरलेला असतो. म्हणून उजळणीचा आरंभ या पायापासून करणे सोयीचे ठरते. पुढील चुका विशेष प्रमाणात आढळतात.

• (अ + ब)² याचा विस्तार अ² + ब² असा लिहिणे. अ = ३ व ब = ४ घेतल्यास डावी बाजू ४९ येते, तर उजवी २५. गाळलेले २अब हे पद म्हणजेच मधला २४ चा फरक होय.

• −(क्ष − ३) याचे −क्ष − ३ असे रूपांतर करणे. कंसाबाहेरील ऋण चिन्ह कंसातील प्रत्येक पदाला लागू होते, म्हणून योग्य रूप −क्ष + ३ हे आहे.

• −३² आणि (−३)² यांत फरक न करणे. पहिल्याची किंमत −९, तर दुसऱ्याची ९ आहे.

• क्ष² = ५क्ष या समीकरणाला दोन्ही बाजूंनी क्ष ने भागून केवळ क्ष = ५ हे उत्तर लिहिणे. क्ष शून्य असण्याची शक्यता असल्याने असा भागाकार करता येत नाही. क्ष(क्ष − ५) = ० असे लिहिल्यास ० आणि ५ ही दोन्ही मुळे मिळतात.

एखादा नियम आठवत असला तरी तो खरा आहे की नाही याबद्दल शंका वाटल्यास लहान संख्या घालून पाहणे हा सोपा उपाय आहे. दोन्ही बाजूंच्या किमती वेगळ्या आल्या, तर नियम निश्चितच चुकीचा असतो. मात्र किमती सारख्या आल्या म्हणून नियम सिद्ध होत नाही. विशेषतः ० व १ या संख्यांना अनेक चुकीचे नियमही लागू पडतात. त्यामुळे तपासणीसाठी त्या टाळाव्यात.

प्रकरणनिहाय उजळणी

दोन चलांतील रेषीय समीकरणे

एकसामयिक समीकरणे चलाचा लोप करून, आलेख काढून किंवा निश्चयकांच्या साहाय्याने क्रेमरच्या पद्धतीने सोडवतात. क्रेमरच्या पद्धतीत स्थिर पद बरोबरच्या चिन्हाच्या उजवीकडे असणे आवश्यक असते. पुढील जोडी पाहावी.

२क्ष + ३य = १२
क्ष − य − १ = ०

दुसरे समीकरण क्ष − य = १ असे लिहिल्यावर मूळ निश्चयक −५, क्ष चा निश्चयक −१५ आणि य चा निश्चयक −१० येतो. म्हणून क्ष = ३ व य = २. हे रूपांतर न करता स्थिर पद −१ असेच घेतल्यास क्ष = ९/५ व य = १४/५ असे उत्तर मिळते. हे चुकीचे उत्तर पहिल्या समीकरणात घातले असता १२ ही किंमत बरोबर येते. चूक उघड होते ती दुसऱ्या समीकरणात. म्हणून पडताळा दोन्ही समीकरणांत घेणे आवश्यक आहे.

वर्गसमीकरणे

अक्ष² + बक्ष + क = ० या रूपातील समीकरण अवयव पाडून, पूर्ण वर्ग करून किंवा सूत्राने सोडवता येते. सूत्र असे आहे:

क्ष = [−ब ± √(ब² − ४अक)] / २अ

ब² − ४अक या राशीला विवेचक म्हणतात. विवेचक धन असल्यास दोन भिन्न वास्तव मुळे मिळतात, शून्य असल्यास मुळे समान असतात आणि ऋण असल्यास वास्तव मुळे नसतात.

२क्ष² − ५क्ष − ३ = ० या समीकरणाचा विवेचक २५ + २४ = ४९ आहे, म्हणून ३ आणि −१/२ ही मुळे मिळतात. क ची किंमत −३ ऐवजी ३ घेतल्यास विवेचक २५ − २४ = १ येतो आणि ३/२ व १ ही मुळे मिळतात. हे उत्तरही सुटसुटीत दिसत असल्याने चुकीचा संशय येत नाही. मुळांची बेरीज −ब/अ म्हणजे ५/२ असावी लागते, आणि चुकीच्या मुळांची बेरीजही ५/२ च येते. गुणाकार मात्र क/अ म्हणजे −३/२ असायला हवा, तो येथे ३/२ येतो. बेरीज व गुणाकार दोन्ही तपासल्याशिवाय हा पडताळा पूर्ण होत नाही.

सूत्र विसरल्यास ते पूर्ण वर्गाच्या पद्धतीने पुन्हा मिळवता येते. समीकरणाला ४अ ने गुणण्याची रीत भास्कराचार्यांनी आपल्या ‘बीजगणित’ या ग्रंथात श्रीधराचार्यांच्या नावे दिली आहे. वरील समीकरणाला ८ ने गुणून दोन्ही बाजूंत २५ मिळवले, की १६क्ष² − ४०क्ष + २५ = ४९, म्हणजेच (४क्ष − ५)² = ४९ असे रूप मिळते. त्यावरून ४क्ष − ५ = ±७ आणि तीच दोन मुळे येतात. या रीतीत शेवटच्या पायरीपर्यंत अपूर्णांक येत नाहीत. सूत्रातील ४ व २ हे अंक कोठून आले, हेही त्यातून स्पष्ट होते.

अंकगणिती श्रेढी

पहिले पद अ आणि सामान्य फरक ड असल्यास न वे पद अ + (न − १)ड असते. येथे न − १ ऐवजी न घेण्याची चूक सामान्य आहे. १०० व ३०० यांच्या दरम्यान ७ ने भाग जाणाऱ्या संख्या १०५ पासून २९४ पर्यंत आहेत. त्यांतील १८९ या फरकाला ७ ने भागल्यास २७ येतात, परंतु संख्या २८ आहेत. एका रांगेतील खांबांपेक्षा त्यांच्यामधील मोकळ्या जागा एकाने कमी असतात, तसाच हा संबंध आहे.

अर्थनियोजन

या प्रकरणात वस्तू व सेवा कर आणि शेअर्समधील गुंतवणूक यांचा समावेश आहे. टक्केवारी नेमकी कोणत्या रकमेवर काढायची, हा येथील कळीचा प्रश्न असतो. १८ टक्के करासह एखाद्या वस्तूची किंमत १,१८० रुपये असल्यास करपात्र किंमत १,००० रुपये असते. १,१८० मधून त्याचेच १८ टक्के वजा केल्यास ९६७.६० रुपये हे चुकीचे उत्तर येते, कारण कर मूळ किमतीवर आकारलेला असतो.

संभाव्यता व सांख्यिकी

संभाव्यतेत प्रथम नमुना अवकाश पूर्ण लिहिणे हितावह ठरते. दोन नाणी फेकल्यास ‘दोन छापा, एक छापा, शून्य छापा’ असे तीन प्रकार दिसतात, परंतु ते समसंभाव्य नाहीत. समसंभाव्य फलिते चार असून त्यांपैकी दोन फलितांत नेमका एक छापा येतो. म्हणून ती संभाव्यता १/३ नसून १/२ आहे.

सांख्यिकीत ०–९, १०–१९ असे वर्ग दिलेले असल्यास मध्यक किंवा बहुलक काढण्यापूर्वी ते सलग करावे लागतात. त्यानुसार दुसऱ्या वर्गाच्या सीमा ९.५ व १९.५ होतात. मध्यकाच्या सूत्रात मध्यकीय वर्गाची नव्हे, तर त्याच्या आधीच्या वर्गाची संचित वारंवारता घ्यायची असते.

शाब्दिक उदाहरणे

शाब्दिक उदाहरणांत भाषेचे समीकरणात रूपांतर करणे हे मुख्य कौशल्य असते. क्ष म्हणजे काय, हे एककासह पहिल्याच ओळीत लिहिल्यास पुढील मांडणी स्पष्ट होते. उदाहरणार्थ, आयताची लांबी रुंदीपेक्षा ३ मीटरने जास्त व क्षेत्रफळ १०८ चौरस मीटर असल्यास, रुंदी क्ष मीटर मानून क्ष(क्ष + ३) = १०८ हे समीकरण मिळते. त्याची मुळे ९ व −१२ आहेत. रुंदी ऋण नसते, म्हणून −१२ हे मूळ त्याज्य ठरते आणि ते का सोडले याचे कारणही उत्तरात लिहावे लागते. शेवटी विचारलेल्या गोष्टीचेच उत्तर दिले आहे का, हे पाहणे आवश्यक असते. लांबी विचारली असता ९ लिहून थांबणे ही वाचनातील चूक होय.

उजळणीची पद्धत

सोडवलेली उदाहरणे वाचत जाणे ही उजळणीची सर्वांत सोपी, पण फसवी रीत आहे. वाचताना प्रत्येक पायरी पटते. मात्र पायरी पटणे आणि ती स्वतः सुचणे या वेगळ्या गोष्टी आहेत. स्मरणाविषयीच्या संशोधनातूनही हे दिसून आले आहे. रोडिगर व कार्पिक यांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत उतारा पुन्हा वाचणारे विद्यार्थी पुढे होते. दोन दिवसांनी व आठवड्याने घेतलेल्या चाचण्यांत मात्र मधल्या काळात आठवून लिहिण्याचा सराव केलेले विद्यार्थी सरस ठरले.

उदाहरणांचा क्रमही महत्त्वाचा आहे. रोरर व टेलर यांनी २००७ साली गणितातील सरावाबाबत असे दाखवले, की एकाच प्रकारची उदाहरणे सलग सोडवणारे विद्यार्थी सरावाच्या वेळी अधिक यशस्वी होतात. आठवड्यानंतरच्या चाचणीत मात्र सरमिसळ उदाहरणे सोडवलेले विद्यार्थी पुढे जातात. सलग सरावात कोणती रीत वापरायची हे आधीच ठाऊक असते, परीक्षेत ती निवडावी लागते. म्हणून प्रकरणातील सरावसंच झाल्यावर संकीर्ण प्रश्नसंग्रह आणि त्यानंतर वेगवेगळ्या प्रकरणांतील मिश्र उदाहरणे असा क्रम उपयुक्त ठरतो.

चुकलेल्या उदाहरणांची स्वतंत्र वही ठेवल्यास उजळणीला दिशा मिळते. प्रत्येक उदाहरणापुढे चूक चिन्हाची, सूत्राची, आकडेमोडीची की वाचनाची, याची नोंद केली जाते. तेच उदाहरण काही दिवसांनी उत्तर न पाहता पुन्हा सोडवावे. अखेरच्या टप्प्यात पूर्ण प्रश्नपत्रिका दोन तासांची वेळ लावून सोडवल्यास वेळेचे भानही येते.

मर्यादा

मंडळाच्या परीक्षेत रीतीला गुण असल्याने अंतिम उत्तर चुकले तरी योग्य पायऱ्यांचे गुण मिळू शकतात. बारावीनंतरच्या एमएचटी-सीईटीसारख्या बहुपर्यायी परीक्षेत तशी सोय नसते. तेथे पर्याय समीकरणात घालून तपासण्याचा मार्ग मात्र उपलब्ध असतो. त्यामुळे एका परीक्षेसाठीची उजळणी दुसरीसाठी जशीच्या तशी पुरेशी होत नाही. तसेच मूळ संकल्पनाच समजलेली नसल्यास केवळ सरावाने ती समजत नाही. अशा वेळी तो भाग शिक्षकांकडून किंवा पाठ्यपुस्तकातून नव्याने शिकावा लागतो. चुकांच्या वहीत एकाच प्रकारची नोंद वारंवार येऊ लागली, की असा भाग कोणता हे लक्षात येते.