तेजीत गेले, मंदीत उतरले

2005 ते 2007 या काळात मुंबईतल्या ग्राउंड क्लासमध्ये बसायला जागा मिळत नसे. कॅप्टन गोपीनाथांची एअर डेक्कन 2003 मध्ये सुरू झाली होती. 2005 मध्ये स्पाइसजेट, किंगफिशर आणि गोएअर एकामागून एक आल्या, 2006 मध्ये इंडिगो. विमानं येत होती आणि ती चालवायला माणसं पुरत नव्हती. परदेशी कॅप्टन डॉलरमध्ये पगार घेऊन आपल्याकडे उडत होते. दोनशे तास भरलेल्या नवख्या मुलांनाही पटापट नोकऱ्या लागत होत्या. मी तेव्हा नेव्हिगेशन आणि मेटिऑरॉलॉजी शिकवायचो. मराठी माध्यमातून शिकलेली मुलं, शेतकऱ्यांची, शिक्षकांची, एसटीतल्या कर्मचाऱ्यांची मुलं पहिल्यांदाच या वर्गांत दिसू लागली. त्याचा मला मनापासून आनंद होता.

पण या धंद्याचं एक गणित तेव्हा कुणी त्यांना नीट समजावलं नाही. वैमानिक व्हायला दोन-तीन वर्षं लागतात. मेडिकल, डीजीसीए या हवाई वाहतूक नियामकाचे पेपर, आरटीआर हा रेडिओ परवाना, मग दोनशे तासांचं उड्डाण: त्यात शंभर तास स्वतः विमानाचा प्रमुख म्हणून, त्यातच तीनशे सागरी मैलांची एक लांब क्रॉस-कंट्री, शिवाय दहा तास निव्वळ उपकरणांवर आणि पाच तास रात्रीचे. भारतात विमानं कमी, प्रशिक्षक त्याहून कमी, पावसाळ्यात उड्डाणं बंद. म्हणून घर किंवा शेत तारण ठेवून पोरं अमेरिकेला, फिलिपिन्सला, न्यूझीलंडला गेली. निर्णय तेजीत घेतला आणि लायसन्स हातात आलं तेव्हा हवा पालटलेली होती.

जुलै 2008 मध्ये कच्चं तेल पिंपामागे 147 डॉलरवर पोचलं. सप्टेंबरात अमेरिकेतल्या बँका कोसळल्या. ऑक्टोबरात जेट एअरवेजने सुमारे 1,900 कर्मचाऱ्यांना एका झटक्यात घरी बसवलं. गणवेशातली मुलं-मुली मुंबईत रस्त्यावर आली, काही जण राज ठाकरे यांच्याकडे गेले आणि दोन-तीन दिवसांत जेटचे अध्यक्ष नरेश गोयल यांनी सगळ्यांना परत घेतल्याचं जाहीर केलं. ती बातमी सगळ्यांच्या लक्षात राहिली. ज्यांना अजून कुणी कामावर घेतलंच नव्हतं, त्यांची बातमी झाली नाही. भरती थांबली की कुणाला काढलं असं दिसत नाही, त्यामुळे मोर्चाही निघत नाही.

त्या वर्षांत एका विद्यार्थ्याने मला आपलं लॉगबुक दाखवलं होतं. 2007 ची पानं गच्च भरलेली: एकाखाली एक सेसना 172, कधी पाऊण तास, कधी सव्वा तास, सोलो, ड्युअल, रात्रीचं उड्डाण. 2008 अखेर नोंदी विरळ झाल्या. त्यानंतर वर्षाला एखादी-दुसरी ओळ, इन्स्ट्रुमेंट रेटिंगच्या नूतनीकरणापुरती. ते नूतनीकरण दरवर्षी करावं लागतं, क्लास वन मेडिकलही वर्षाला. प्रत्येक ओळीमागे विमानाचं भाडं, परीक्षकाचे पैसे आणि गावाहून येण्याजाण्याचा खर्च. नोकरी नसताना वैमानिक राहायलाही पैसे मोजावे लागतात, हे बाहेरच्या माणसाला पटकन कळत नाही. अक्षर मात्र त्याने शेवटच्या ओळीपर्यंत तसंच नेटकं ठेवलं होतं.

त्याहून वाईट फसगत टाइप रेटिंगची, म्हणजे एका विशिष्ट विमानाच्या मान्यतेची, झाली. एअरबस 320 किंवा बोइंग 737 चं टाइप रेटिंग आधीच हातात असलं तर नोकरी लवकर लागेल, असं सगळीकडे सांगितलं जाई. सीपीएलच्या, म्हणजे व्यावसायिक वैमानिकाच्या लायसन्सच्या, कर्जावर आणखी पंधरा-वीस लाखांचं कर्ज काढून मुलं सिम्युलेटरवर बसून आली. एअरलाइनमधल्या वैमानिकाची सिम्युलेटरवर दर सहा महिन्यांनी तपासणी होते आणि तिचा खर्च कंपनी उचलते. बेकार मुलाने तो कुठून उचलायचा? कित्येकांची रेटिंगं एकदाही खऱ्या जेटच्या कॉकपिटमध्ये न बसता निकामी झाली. कुणी कॉल सेंटरला लागलं, कुणी विमानतळावर ग्राउंड स्टाफमध्ये, कुणी बापाच्या दुकानात. स्थळं यायची ती पायलट म्हणून, आणि नोकरी कुठे आहे हे विचारल्यावर फिरायची.

याच काळात, जानेवारी 2011 मध्ये, गोव्यात एक प्रवासी विमान मागच्या चाकांऐवजी पुढच्या चाकावर उतरलं. चौकशीतून लायसन्ससाठी दिलेल्या खोट्या गुणपत्रिकांचं प्रकरण बाहेर आलं, काही जणांना अटक झाली, देशभरातल्या वैमानिकांची कागदपत्रं तपासली गेली. तपासणी व्हायलाच हवी होती. पण सचोटीने अभ्यास करून बेकार बसलेल्या मुलांकडेही लोक संशयाने बघू लागले, याचं मला फार वाईट वाटलं.

ऑक्टोबर 2012 मध्ये किंगफिशर जमिनीवर आली. तिचे वैमानिक कित्येक महिने पगाराविना उडत होते. ते बाजारात आले आणि दोनशे तासवाल्यांच्या रांगेत पुढे हजारो तासांचा अनुभव असलेली माणसं उभी राहिली. विमान कंपनी बुडाली की हे असंच होतं. कॅप्टनला उशिरा का होईना दुसरीकडे जागा मिळते, को-पायलट कमी पगारावर जातो आणि अगदी तळाचा मुलगा आणखी दोन वर्षं मागे ढकलला जातो. 17 एप्रिल 2019 च्या रात्री जेटचं शेवटचं विमान अमृतसरहून मुंबईला आलं, तेव्हाही तेच झालं. 25 मार्च 2020 पासून दोन महिने देशांतर्गत उड्डाणं पूर्ण बंद राहिली, तेव्हाही. मे 2023 मध्ये गो फर्स्ट (आधीची गोएअर) थांबली, तेव्हाही.

मधली वर्षं चांगली होती, हेही सांगायला हवं. 2014 पासून एअरएशिया इंडिया आली, विस्तारा आली, इंडिगो वाढत गेली आणि तग धरून राहिलेल्यांना तिशीच्या उंबरठ्यावर का होईना उजव्या बाजूची सीट मिळाली. त्यांतले काही आज कमांडर आहेत. 2017 मध्ये तर वैमानिक इतके कमी पडले की डीजीसीएने कमांडरचा नोटीस कालावधी सहा महिन्यांवरून वर्षावर नेला. पाच-सात वर्षांपूर्वी ज्यांना दारात उभं केलं जात नव्हतं, त्यांना आता दाराबाहेर जाऊ देत नव्हते.

माझा राग नेमका इथे आहे. सीपीएलधारक दोन-तीन वर्षांत तयार होतो, पण कॅप्टन घडायला त्यानंतर आणखी पाच-सात वर्षं जातात. 1,500 तास हा एटीपीएलचा, म्हणजे कॅप्टनला लागणाऱ्या लायसन्सचा, किमान आकडा. प्रत्यक्षात कंपन्या त्याहून जास्त अनुभव बघतात. म्हणजे 2009 मध्ये न घेतलेला मुलगा 2016 मध्ये कॅप्टन म्हणून हवा असतो आणि 2025 मध्ये नव्यांना शिकवणारा म्हणून. मंदीत सिम्युलेटर मोकळे असतात, अनुभवी प्रशिक्षकांना वेळ असतो, उमेदवार हवे तितके असतात. थोडी थोडी भरती त्याच वर्षांत चालू ठेवायला हवी. आपल्या कंपन्यांनी ती नेहमी शून्यावर आणली आणि तेजी आल्यावर एकमेकांचे वैमानिक पळवले. डिसेंबर 2025 च्या पहिल्या आठवड्यात इंडिगोची उड्डाणं हजारोंनी रद्द झाली आणि माणसं विमानतळांवर रात्र-रात्र अडकली. वैमानिकांची विश्रांती वाढवणारे आणि रात्रीची लँडिंग कमी करणारे नियम लागू होणार हे आधीपासून ठाऊक होतं. त्या हिशेबाने माणसं तयार नव्हती.

आता पुन्हा वर्ग भरले आहेत. 2023 मध्ये एअर इंडियाने 470 आणि इंडिगोने 500 विमानांची मागणी नोंदवली. त्याच वर्षी डीजीसीएने 1,622 सीपीएल दिली. आदल्या वर्षी ती 1,165 होती. गोंदिया, बारामती, धुळे, शिरपूर इथे पोरं उडतच होती. आता अमरावतीजवळ बेलोऱ्याला एअर इंडियाची प्रशिक्षण संस्था उभी राहते आहे, वर्षाला 180 वैमानिक घडवण्यासाठी. विमान कंपन्यांच्या कॅडेट योजनांत एका मुलामागचा एकूण खर्च आता कोटीच्या घरात गेला आहे आणि तो अजूनही घरचेच भरतात.

पालक विचारतात, नोकरीची हमी आहे का? मी त्यांना सांगतो की आज वर्गात बसलेल्या मुलाने 2029 चा बाजार धरून हिशेब करायचा. मेडिकल सगळ्यात आधी. संस्थेला पैसे एकरकमी न देता उडालेल्या तासांप्रमाणे द्यायचे. टाइप रेटिंग स्वतःच्या पैशाने आगाऊ करायचं नाही. कर्ज काढताना नोकरीविना दोन वर्षं हप्ते भरता येतील का, ते कागदावर मांडायचं. हे ऐकून काही पालक उठून जातात. जे थांबतात, त्यांच्याशी मग आम्ही विषयांबद्दल बोलायला लागतो.